गाडी गेल्यावरचं गाव

३ मार्च

हिने आज ही कोरी वही माझ्यापुढे टाकली. म्हणाली, तुमची सगळी कुरकुर यात लिहीत जा, माझे कान किटले. निवृत्त झाल्यापासून मी दिवसभर घरात असतो आणि बोलायला ही एकटीच. त्यामुळे तिचंही खरं आहे. आजपासून कुरकुर वहीत.

पहिली कुरकुर गावाची. मागच्या खोलीत पलंगाएवढ्या प्लायवूडच्या फळीवर मी छोट्या आगगाडीचं गाव उभं केलंय. स्टेशन, बोगदा, टेकडी, टेकडीमागे थोडी घरं. लिफ्ट दुरुस्तीची नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी जमेल तसं केलं, त्यात अर्धं आयुष्य गेलं. रूळ आणि टेकड्या माझ्या, माणसं हिची. नखाएवढ्या माणसांना ही चार केसांच्या कुंचल्याने डोळे काढायची, आणि त्यातलं कोण कोणावर रुसलंय तेही मला सांगायची. वर्ष होत आलं, तिने कुंचल्याला हात लावलेला नाही. खोलीतही येत नाही. काही विचारलं तर म्हणते, कंटाळा आलाय.

आज मात्र आली, बसली. मी गाडी फिरवून दाखवली आणि थांबवली. तर म्हणाली, "गाडी गेली की तुमचं गाव अगदी मेल्यासारखं वाटतं हो."

मनाला लागलं. पण नंतर नीट बघितलं तर तिचं बरोबर होतं. तिकिटाच्या खिडकीपुढचा माणूस हात वर करून उभा आहे तो उभाच. बादली उचलायला वाकलेली बाई वाकलेलीच. गाडी सोडली तर या गावात काहीही हलत नाही. आता हलवायचं. बाजारातून काही आणायचं नाही, घरातल्या भंगारात भागवायचं.

७ मार्च

माळ्यावरचा जुना टेपरेकॉर्डर खाली काढला. मोटर अजून जिवंत निघाली. झोक्यापासून सुरुवात केली.

मोटरीला रबरबँड, त्याच्या दुसऱ्या टोकाला बरणीचं मोठं झाकण, म्हणजे वेग कमी होतो. झाकणाच्या कडेला टाचणी, टाचणीला मोडक्या छत्रीची काडी. झाकण फिरलं की काडी फळीच्या भोकातून वर-खाली होते. काडीला दोरा, दोरा झोक्याला. काडी खाली जाताना दोरा झोक्याला मागे ओढतो, वर येताना झोका आपल्या वजनाने परत येतो. एवढीच करामत आहे, पण ती जमेपर्यंत मला घाम फुटला. ही जेवायला हाका मारत होती, त्या मी ऐकल्या नाहीत असं दाखवलं.

दुपारी झोका हलला. स्टेशनमागच्या झाडाखाली, रिकामाच, पुढे-मागे. मी एकटाच त्याच्याकडे बघत हसत बसलो होतो.

९ मार्च

ही न बोलावता आली. शेंगा सोलायची टोपली घेऊन आली आणि विचारलं, ही टकटक कसली? काडी भोकाच्या कडेवर आपटते त्याचा तो आवाज. म्हटलं, झोका आहे. थोडा वेळ ऐकून म्हणाली, लंगडतोय तुमचा झोका, जाताना जड आणि येताना हलका. म्हटलं, जाताना ओझं ओढावं लागतं ना त्याला. तर म्हणाली, मग तुमच्यासारखाच आहे, ओझं उचललं की आवाज करतो.

सगळ्या शेंगा संपेपर्यंत बसली होती. झोक्याकडे मात्र काही धड बघेना. तोंड सारखं खिडकीकडे. म्हटलं असू दे, आली हेच खूप झालं.

१२ मार्च

रविवार. गार्ड आला होता. माझा हा एकुलता एक मित्र खऱ्या रेल्वेत गार्ड होता आणि अजूनही घड्याळ बघून जेवतो. हिने दार उघडलं आणि समोर उभ्या असलेल्या त्यालाच विचारलं, कोण पाहिजे? तो म्हणाला, तुमच्याकडे फुकट चहा पिणारा. मग दोघंही हसली. हिची थट्टा हल्ली अशी कोरड्या तोंडाची असते.

गार्डने झोका वाकून बघितला, वाहवा केली, आणि जाता जाता म्हणाला, तुझ्या गावात सुतार राहायला आलाय का रे? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या धंद्यात आवाज म्हणजे तक्रार. लिफ्ट वर गेली हे आतल्या माणसाला कळता कामा नये, दार उघडल्यावरच कळलं पाहिजे, असं माझे उस्ताद सांगायचे. लोकांच्या इमारतींत मी आयुष्यभर तेच केलं, आणि स्वतःच्या घरात टकटक ठेवली.

१७ मार्च

झोक्यावर बसवायला एक मुलगी हवी होती. बाहुली मी मेणाची केली आणि हिच्यापुढे ठेवली, म्हटलं फ्रॉक लाल कर. तिने आढेवेढे घेतले. मी हट्ट धरला. शेवटी घेऊन गेली आणि आज परत दिली.

फ्रॉक हिरवा आहे. एक डोळा कपाळावर, दुसरा कानाजवळ. तोंड काढलंच नाही. जी बाई तांदळाएवढ्या चेहऱ्यावर रुसवा काढायची तिने हे माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं, बरी झालीय ना? मी बरी म्हणालो. काय बोलणार? नकोच होतं तर तसं सांगायचं, अशी चेष्टा कशाला करायची? मुलीचं तोंड भिंतीकडे करून तिला झोक्यावर बसवलं. पुढेमागे खरवडून मीच रंगवीन.

१९ मार्च

भोकाला आतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. मोटरीखाली जुन्या चपलेचा रबरी तळ. टाचणीला तेलाचा थेंब. आता झोका हलतो आणि काहीही ऐकू येत नाही. कान लावला तरी नाही. आज उस्ताद हवे होते.

हिला बोलावलं. आली, उभी राहिली, खिडकीकडे बघितलं, "हं" म्हणाली. मग चहा हवा का विचारून निघून गेली. इतकं काम करून मला एक "हं" मिळाला.

२३ मार्च

पवनचक्की झाली. पाती पत्र्याच्या डब्याची. सायकलवालाही झाला. त्याच्या पायाखाली एक लोहचुंबक आणि फळीखाली दुसरं, खालचं फिरलं की वरचा रस्त्याने फिरतो. दोन्हीही बिनआवाजाची, पहिल्याच फटक्यात. सगळं गाव हलतंय. माझं हस्तकौशल्य इतकं चांगलं कधीच नव्हतं.

ही येत नाही. टोपली घेऊन स्वयंपाकघरातच बसते. मी दोनदा बोलावलं, दोनदा म्हणाली, मग येते. पूर्वी भांडायची तरी. आता वर्तमानपत्रही उघडत नाही, म्हणते त्यात तेच तेच असतं. चहा गाळताना कपाच्या काठावर बोट धरते, बोट भाजतं, आणि मी बोललो की चिडते. आमच्या मुलीचा फोन आला होता. विचारत होती, बाबा, मी पाठवलेल्या फोटोंबद्दल आई काहीच कशी बोलत नाही? मी म्हटलं, तुझी आई हल्ली कशाबद्दलच बोलत नाही, तुझं काय घेऊन बसलीस.

खरं लिहायचं तर मला भीती वाटते. इतकी वर्षं एकत्र काढून हिला माझा वीट आला असेल तर? माझा, माझ्या खोलीचा, माझ्या गाडीचा. दुसरं काही कारण मला सुचत नाही. सगळं हलवून ठेवलं मी तिच्यासाठी, आणि ती ढुंकून बघत नाही.

२६ मार्च

आज फार वाईट झालं.

गार्ड आला होता. झोका, चक्की, सायकलवाला, तिन्ही चालू होते. गार्ड फळीवर वाकून लहान मुलासारखा बघत होता. ही चहाचा ट्रे घेऊन आत आली, आमच्यामागे थोडी थांबली आणि म्हणाली, "अहो, चालू करा की आता. भाऊजींना किती वेळ ताटकळत ठेवणार?"

तिच्या समोर, हातभर अंतरावर झोका हलत होता. मी म्हटलं, चालूच आहे. ती "हो का" म्हणाली आणि ट्रे नेमका रुळावर ठेवला. कप कलंडला, बोगद्यात चहा गेला. माझं डोकंच फिरलं. परक्या माणसासमोर मी तिला म्हटलं, "बघायचं नसेल तर या खोलीत येत जाऊ नकोस."

ती खाली बसून फरशी पुसू लागली, जिथे सांडलं नव्हतं तिथेच पुसत राहिली. मुद्दाम. गार्ड चहा न पिता उठला. जिन्यावर त्याने मला विचारलं, वहिनींना डॉक्टरकडे कधी नेलं होतंस? मी म्हटलं, तिला काहीही झालेलं नाही, तिचा राग आहे आणि त्याला औषध नसतं. तो काहीतरी बोलणार होता, पण मी दार लावून घेतलं.

३१ मार्च

बोलणं बंद. जेवण वाढते, मी जेवतो. गावावर चादर टाकली आहे. मोटरीतले सेलही काढून ठेवले. सकाळी उठून कुठे जायचं ते कळत नाही, खोलीकडे पाय वळत नाहीत. गेलो तरी चादरीकडे बघत बसतो. घरात इतकी शांतता आहे की नळ ठिबकला तरी दोघंही मान वळवतो.

एवढं सगळं कशासाठी केलं असा विचार मनात येतो. उत्तर एकच येतं, हिने बघावं म्हणून. ती बघत नसेल तर हा मोठ्या माणसाने केलेला पोरखेळ आहे, आणि तो भंगारात घालायला हवा.

२ एप्रिल

दिव्याचा बल्ब आणायला गेलो होतो. परत आलो तर मागच्या खोलीचं दार उघडं. चादर काढलेली. ही फळीपाशी उभी होती. तोंड खिडकीकडे आणि हात गावात.

बोटं रुळावरून सरकत स्टेशनवर आली, छपरावरून झाडापर्यंत गेली. झोका सापडला. मुलीला तिने एका बोटाने हळूच ढकललं, सोडलं, आणि कान जवळ नेला. कान, डोळे नाही. मग हात मागे घेताना पाण्याची टाकी पडली. ती शोधू लागली. टाकी तिच्या पुढ्यात पडली होती. ती टेकडीमागे चाचपत होती.

मी दारात उभा होतो. तिला मी दिसलो नाही. सगळं मला एकदम कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

३ एप्रिल

आज सकाळी मीच विचारलं, कधीपासून? तिने आढेवेढे घेतले नाहीत. गेल्या वर्षापासून मधोमध धुकं आहे. मी समोर बसलो की माझा चेहरा जातो आणि कान उरतात. खिडकीकडे तोंड केलं तर डोळ्याच्या कडेने थोडंफार दिसतं, माणूस आहे की खुर्ची एवढं. "तुमच्या गावात कडेला कधी काहीतरी हलल्यासारखं वाटायचं," म्हणाली. "बघायला जावं तर नसायचं."

माझ्या सासूबाईंचं असंच झालं होतं. शेवटी त्या एका खुर्चीत बसून असायच्या आणि घरातली माणसं त्यांच्याशी बहिऱ्याशी बोलावं तशी ओरडून बोलायची.

मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. आवाज चढला माझा. ती शांतपणे म्हणाली, "सांगितलं असतं तर त्याच दिवशी तुम्ही हे सगळं आवरून ठेवलं असतं आणि माझ्यामागे फिरत बसला असतात. मग या घरात काय उरलं असतं? एक खुर्ची आणि तिची राखण करणारा माणूस. तुमची खुडबुड ऐकू येते तोवर मला कळतं की तुम्ही कुठे आहात. टकटक होती तोवर झोका होता. मग तुम्ही तो काढून नेलात."

ट्यूबचा तुकडा, चपलेचा तळ, तेल. एकेक वस्तू माझ्या हातांनी लावली होती आणि प्रत्येक वेळी वाटलं होतं, वा.

जरा वेळाने तिने विचारलं, "फ्रॉक लालच झाला ना?"

"लालच," मी म्हणालो.

"मग बरं," ती म्हणाली.

६ एप्रिल

डोळ्यांचे डॉक्टर झाले. तरुण आहेत, चांगलं बोलतात. पडद्याचा मधला भाग गेलाय, दोन्ही डोळ्यांचा. गेलेलं परत येत नाही. कडेचं राहील, म्हणजे घरात चालता-फिरता येईल. पण वाचणं, शिवणं, चेहरे, हे संपलं. सुरुवातीलाच आला असतात तर बरंचसं वाचवता आलं असतं, असं ते हिच्याकडे बघून म्हणाले. हिने मान डोलावली. ते वाक्य खरं तर माझ्यासाठी होतं. तिच्या शेजारी चोवीस तास मी होतो, डॉक्टर नव्हते.

रिक्षात बसताना तिने माझी बाही पकडली. आजवर कधी पकडली नव्हती. मुलगी फोनवर रडली आणि म्हणाली, दोघंही माझ्याकडे या. हिने नाही सांगितलं. तिथे हाताला काहीच ओळखीचं लागणार नाही, म्हणाली.

गार्डला कळवलं. तो फक्त एवढंच म्हणाला की त्याला त्या दिवशीच शंका आली होती. मी दार लावून घेतल्याचा विषय त्याने काढला नाही.

७ एप्रिल

काहीच केलं नाही. ती झोपली की तिच्या तोंडाकडे बघत बसतो. जागी असताना बघायची लाज वाटते, ती मला बघू शकत नसताना.

११ एप्रिल

ट्यूब काढली. चपलेचा तळ काढला. तेल रॉकेलने धुतलं. काडी पुन्हा भोकाच्या कडेवर आपटू लागली. चक्कीच्या पात्यांना पुठ्ठ्याची पट्टी लागेल अशी बसवली, फर्रर्र करते. सायकलवाल्याच्या रस्त्यावर वाळू चिकटवली, खरखरत जातो. चांगली चालणारी यंत्रं हातांनी बिघडवत होतो आणि हात तयार होत नव्हते. धंद्याची सवय हाडात गेलेली असते.

ही येऊन बसली. डोळे मिटून घेतले. चक्की ओळखली, सायकल ओळखली. झोक्याला म्हणाली, आलास का रे लंगड्या. मला वाटलं मी आनंदी होईन. तसं काही झालं नाही. ती हसत होती आणि मला तिच्या पुढची वर्षं दिसत होती, खिडकीकडे तोंड करून ऐकत बसलेली. तिचे रंग कपाटात आहेत. डब्यांची झाकणं सुकून घट्ट झाली आहेत. ते फेकायचे की ठेवायचे तेही मला ठरवता येत नाही.

झोक्यावरची मुलगी हिरवीच आहे. खरवडायला पातं घेतलं होतं, परत ठेवून दिलं. तिने शेवटची रंगवलेली बाहुली आहे ती.

१९ एप्रिल

मधले दिवस सारखेच गेले. ती सकाळी टोपली घेऊन खोलीत येते, मी मोटरी चालू करतो. तिला आता चहा मी करून देतो. ती म्हणते, पाणचट आहे.

आज ती यायच्या जरा आधी झोक्याचा दोरा तुटला. झोका झाडाखाली उभाच राहिला, मुलगी एका बाजूला कलली. काडी मात्र मोकळी वर-खाली होत होती आणि आवाज येत होता. मी दोरा हातात घेतला तोवर ही येऊन बसलीच. बांधायचा तर मोटर थांबवावी लागली असती. थांबवली असती तर तिने विचारलं असतं, काय झालं? तिच्यापुढे आणखी काही थांबलेलं मला नको होतं. म्हणून तशीच चालू ठेवली.

ओढायला ओझं नाही, त्यामुळे आवाज एका मापात येऊ लागला. टक, टक, टक. लंगडणं पार गेलं. नशीब, तिच्या ते लक्षात आलं नाही.

शेंगा सोलता सोलता तिचे हात थांबले. मान किंचित कलती करून ती बराच वेळ ऐकत राहिली. मग विचारलं, "चाललाय ना हो झोका?"

"हो. छान चाललाय."

तिने टोपली बाजूला ठेवली. चाचपत माझा हात शोधला आणि आपल्या मांडीवर घेऊन ठेवला. "हो," म्हणाली. "आज अगदी छान चाललाय. लाल फ्रॉक उडत असेल तिचा."

"उडतोय," मी म्हणालो.

दोरा अजून माझ्या खिशात आहे. ती उठेपर्यंत माझा हात तिच्याकडेच होता, त्यामुळे बांधायचा राहिला.